रांगताना कडेला थांबायचा, मग चालताना का थांबत नाही?

डोंबिवलीच्या एका आईचं पत्र आहे, थोडक्यात देते. मुलगा 13 महिन्यांचा. आठव्या महिन्यात रांगायला लागला तेव्हा एकदा पलंगावरून पडला, पण पुढे महिना-दीड महिन्यात कडेशी येऊन थांबायला लागला. खाली वाकून बघायचा आणि मागे फिरायचा. "याला समज आली," म्हणून सगळे निर्धास्त झाले. मेच्या सुट्टीत मंडळी चिपळूणजवळच्या गावी, सासरी गेली. आदल्याच आठवड्यात तो चालायला लागला होता. गावच्या घराची ओटी अंगणापासून हातभर उंच. पहिल्याच दिवशी तो ओटीवरून दुडूदुडू चालत गेला आणि न थांबता, हसत हसत, सरळ हवेत पाऊल टाकलं. कपाळाला टेंगूळ आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, ह्या वेळी आजोबांनी शर्टाला धरून मागे ओढला. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. यजमान म्हणतात डोळे तपासून घेऊ. नणंद म्हणते, मी दिलेला वॉकर माळ्यावर टाकलात, तो वापरला असता तर पाय स्थिर झाले असते. आणि आईला वाटतं की आपणच त्याला सारखं कडेवर घेऊन फिरलो, म्हणून हे झालं. जाता जाता तिने लिहिलंय की तो जमिनीवरचा कुरमुरा दोन बोटांत अचूक उचलतो. तिचा प्रश्न: "आलेली समज गेली कशी? आता त्याला मोकळं सोडायचं की नाही?"

ताई,

आधी टेंगळाचं. पडून दहा दिवस झाले, तो जेवतोय, खेळतोय, झोपेतून नेहमीसारखा उठतोय, असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा त्याची चिंता सोडा. पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते. पडल्यावर मूल बेशुद्ध झालं, झटका आला, पुन्हा पुन्हा उलटी झाली, अवेळी पेंगुळलं आणि उठवूनही उठेना, नाका-कानातून पाणी किंवा रक्त आलं, डोक्यावरची सूज हाताला मऊ लागली किंवा एखादा हात-पाय ते हलवेना, तर हळद लावत बसू नका, दवाखाना गाठा. दोन वर्षांच्या आतलं मूल तीन फुटांहून उंचावरून पडलं असेल तर ते ठणठणीत दिसलं तरी डॉक्टरांना दाखवा.

आता तुमचं ते वाक्य, "आलेली समज गेली कशी?" ते मी दोन-तीनदा वाचलं, कारण सगळी गोम त्यात आहे. दात आले, जावळ आलं, तशी समज आली, असं आपण बोलतो, आणि बोलून बोलून आपल्याला ते खरंच वाटायला लागतं. एकदा आली ना, मग आता राहणारच. पण कडेला थांबायला मुलाला दोन निराळ्या गोष्टी लागतात. पुढे खोल आहे हे डोळ्यांना दिसायला लागतं, आणि एवढं खोल असलं तर आपल्या अंगाला ते झेपेल की नाही, हे कळायला लागतं. पहिली गोष्ट तुमच्या मुलाकडे केव्हाची आहे. दुसरी तो शिकला होता ती रांगणाऱ्या अंगापुरती. चार पायांचा दोन पायांचा झाला, आणि धडा पहिल्या पानापासून.

यजमानांची शंका रास्त आहे, ती आधी घेऊ. नवजात बाळाला वीतभर-फूटभर अंतरावरचंच काय ते जरा बरं दिसतं, म्हणजे अंगावर पिताना आईचा चेहरा. तरीही महिन्याभराच्या सुमारास एखादी वस्तू तोंडावर येतेय असं दिसलं की बाळ डोळे मिटायला लागतं. जवळ येणं आणि लांब जाणं यातला फरक इतक्या लवकर कळतो. साधारण तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात दोन्ही डोळे जोडीने काम करायला लागतात. प्रत्येक डोळ्याला थोडं वेगळं चित्र दिसतं, मेंदू ती दोन चित्रं जुळवतो आणि त्या फरकातून अंतर काढतो. (एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा, म्हणजे ह्या जोडीची किंमत कळेल.) पाचव्या ते सातव्या महिन्यात सावल्या, एकामागे एक झाकलेल्या वस्तू, लांबचं लहान दिसणं, ह्या खुणाही वाचता येऊ लागतात. म्हणजे बहुतेक मुलं रांगायला लागेपर्यंत खोली दिसण्याची तयारी बरीचशी झालेली असते. कुरमुरा दोन बोटांत अचूक उचलणाऱ्या मुलाला हातभर खोल अंगण दिसलं नाही, असं मला वाटत नाही.

तरी डोळे तपासायचे असतील तर जरूर तपासा. मूल बोलत नसलं तरी नेत्रतज्ज्ञांना त्याची दृष्टी तपासता येते. आणि काही खुणा अशा आहेत की तिथे थांबूच नये. चार महिन्यांनंतरही एक डोळा आत किंवा बाहेर वळलेला दिसणं, डोळे सारखे थरथरणं, बघताना मान कायम एकाच बाजूला कलती ठेवणं, एकाच बाजूच्या वस्तूंना धडकणं, फ्लॅशने काढलेल्या फोटोत बाहुली पांढरी दिसणं. आपल्याकडे तिरळेपणाला कुणी भाग्याचं लक्षण म्हणतं, कुणी "मोठेपणी जाईल" म्हणतं. डोळ्यांची जोडी जमायचा काळ पहिल्या काही वर्षांचाच असतो. तेवढ्यात उपचार झाले नाहीत तर मेंदू एका डोळ्याचं ऐकणं सोडून देतो. सासूबाईंच्या मीठ-मोहऱ्यांना माझी हरकत नाही. फक्त काजळ डोळ्यांत घालू देऊ नका, काही काजळांत शिसं असतं. तीट गालावर शोभते.

आता तुमच्या ओटीचा प्रसंग. हाच प्रसंग 1960 साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी मुद्दाम घडवून आणला होता, फक्त पडायची सोय ठेवली नव्हती. एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी एक टेबल केलं, त्यावर जाड काच. मधोमध एक फळी. फळीच्या एका बाजूला काचेला लागूनच खाली चौकटीचं कापड. दुसऱ्या बाजूला तेच कापड पार खाली जमिनीवर, म्हणजे दिसायला कडाच. 6 ते 14 महिन्यांच्या 36 बाळांना फळीवर ठेवलं आणि आईने आळीपाळीने दोन्ही बाजूंनी हाका मारल्या. 27 बाळं फळी सोडून निघाली. ती सगळी एकदा तरी उथळ बाजूला गेली. कड्याच्या बाजूला, काच असूनही, फक्त तिघं गेली. एका दिवसाची करडंसुद्धा त्या काचेवर पाय ठेवत नव्हती. करडाचं बरोबरच आहे म्हणा, ते जन्मल्या दिवशी चालतं, त्याला थांबून कसं चालेल?

हा प्रयोग बहुतेक ठिकाणी इथवरच सांगतात: बाळांना खोली दिसते, विषय संपला. पण त्या दोघांनी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे, आणि आईबापांच्या कामाची गोष्ट तीच. ज्या बाळांनी कड्याकडे जायला नकार दिला, त्यांच्यातलीही काही फळीवर वळता वळता त्या काचेवर टेकली, काही तर आईकडे तोंड करून मागे सरकता सरकता कड्यावर गेली. काच नसती तर पडली असती. म्हणून त्यांनी बजावलं आहे की मुलाला खोली कितीही चांगली कळत असो, त्याला कडेजवळ सोडू नये. तुमच्या पलंगाच्या बाबतीतही, ताई, "थांबतो" म्हणून निर्धास्त होणं तेव्हाही जरा घाईचंच होतं.

पुढचा भाग न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अ‍ॅडॉल्फ यांच्या कामातला. त्यांनी काचेऐवजी खरा उतार घेतला, कमी-जास्त करता येणारा, आणि पडणाऱ्या मुलाला झेलायला बाजूला माणूस उभा. तीच ती मुलं रांगण्याच्या पहिल्या आठवड्यापासून चालायला लागेपर्यंत पुन्हा पुन्हा बोलावली. नवीन रांगणारी मुलं कुठल्याही उतारावर डोकं खाली घालून बेधडक निघायची. काही आठवड्यांनी ती शहाणी व्हायची. झेपेल तो उतार उतरायची, झेपणार नाही तिथे थांबायची किंवा पाय पुढे करून घसरत जायची. मग उभी राहिली, चालू लागली, आणि पुन्हा पहिल्यासारखी बेधडक. अवघड उतारावर रांगत्या स्थितीत ठेवलं तर तेच मूल सावध, आणि लगेच उभं केलं की सरळ कडेवरून पुढे. तुमच्या पोराने ओटीवर हेच केलं. पुढे ह्याच गटाने काच न लावता खरीखुरी पायरी घेऊन बघितलं. 12 महिन्यांची मुरलेली रांगणारी मुलं मोठ्या पायरीशी थांबली. त्याच वयाची, नुकती चालू लागलेली मुलं तीन फुटांच्या कडेवरूनही पाऊल टाकून मोकळी झाली.

असं का व्हावं? एकदा स्वतः ओटीवर रांगून बघा, थट्टा नाही. रांगताना डोळ्यांसमोर जमीनच जमीन असते, आणि पुढे गेलेला हात आधी कड चाचपतो. उभं राहिल्यावर समोर अंगण, आंब्याचं झाड, हाका मारणारे आजोबा, सगळं एकदम दिसतं. दिसत नाही ती फक्त पायाजवळची जमीन. शिवाय तोल सांभाळायचं यंत्रच बदललेलं. रांगताना मनगटं आणि खांदे ज्या गोष्टी सांगायचे, त्या आता घोटे आणि कंबर सांगणार, आणि त्यांची नोकरी जेमतेम दोन आठवड्यांची.

मग "मीच त्याला कडेवर घेऊन फिरले" ह्या तुमच्या टोचणीत काही तथ्य आहे का? रत्तीभर आहे, म्हणून ते लपवत नाही. 1963 साली हेल्ड आणि हाइन या दोन मानसशास्त्रज्ञांनी मांजराच्या पिल्लांच्या जोड्यांवर एक प्रयोग केला होता. एक पिल्लू गोल गोल चालायचं, दुसरं त्याच्याच चालण्याने फिरणाऱ्या पाळण्यात बसून तेवढंच सगळं बघायचं. कडेपाशी आणल्यावर चालणारं बिचकलं, पाळण्यातलं नाही. नुसतं दिसून भागत नाही, आपण हललो की काय बदलतं हे अंगाला कळावं लागतं. पण मोकळं सोडल्यावर पाळण्यातली पिल्लंही दोन दिवसांत सुधारली. आणि तुमचा मुलगा पाच महिने घरभर रांगला आहे, तो कुठला पाळण्यातला! माझी थोरली चाळीतल्या गॅलरीत वाढली, तिला मी दीड वर्षाची होईपर्यंत जमिनीला पाय लावू देत नसे असं शेजारच्या काकू अजून सांगतात. ती आज सह्याद्रीत ट्रेक करते आणि मी खाली गाडीत बसून जप करते.

नणंदेच्या वॉकरबद्दल मात्र माझं मत ठाम आहे: तो माळ्यावरच ठीक आहे. गंमत म्हणजे तिच्या म्हणण्यालाही कुठेतरी आधार आहे. जोसेफ कँपोस या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत, अजून रांगू न शकणारी पण वॉकरमध्ये हिंडलेली बाळं उंचीला बिचकू लागलेली दिसली. पण ती किमया स्वतः हिंडण्याची, चाकांची नव्हे, आणि ते हिंडणं रांगणाऱ्या मुलाला फुकट मिळतं. वॉकरमधलं मूल सेकंदाला मीटरभर पळतं. आई धावेपर्यंत ते जिन्याच्या तोंडाशी पोचलेलं असतं, आणि पडतं ते वॉकरसकट. कॅनडाने 2004 साली वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली. सासरे गावच्या सुताराकडून पांगुळगाडा करून आणायचं म्हणत असतील, तर त्याला हरकत नाही. त्यात मूल आत लटकत नाही, मागे स्वतःच्या पायांवर उभं राहून ढकलतं. चालवायचा तो सपाट माजघरात, ओटीवर नाही.

"मोकळं सोडायचं की नाही" हा प्रश्न मी जरा वळवून घेते. सोडायचंच, पण कुठे, हे आपण ठरवायचं. अ‍ॅडॉल्फ यांच्या गटाने 12 ते 19 महिन्यांच्या मुलांना खेळताना मोजलं, तर तासाला सरासरी 2,368 पावलं आणि 17 वेळा पडणं. तासाला सतरा! ही सतरा पडणी चटईवर, फरशीवर, मातीत व्हावीत. त्यातूनच नवे घोटे कामाला लागतात. धरून धरून चालवलं तर तोल आपल्या हातात राहतो, त्याच्याकडे जात नाही. घरात अनवाणी चालू द्या, गुळगुळीत टाइल्सवर मोजे नकोत. कुठे पडलं तर चालतं आणि कुठे मुळीच चालत नाही, अशा दोन याद्या मनात असू द्या. दुसऱ्या यादीत ओटी, जिना, पलंग, गॅलरी, खिडकीखालचा दिवाण, आणि गावी विहिरीचा कठडा. बाथरूममधली पाण्याने भरलेली बादलीसुद्धा; डोकं जड असल्यामुळे मूल वाकलं की उलटं आत जातं, आणि थोडं पाणीही पुरतं. गॅलरीच्या आडव्या गजांची पोरं शिडी करतात, तिथे जाळी लावून घ्या. जिन्याच्या वरच्या तोंडाला लावायचं गेट भिंतीला स्क्रूने बसवलेलं हवं; नुसत्या दाबावर अडकवलेलं गेट मुलाच्या धक्क्याने निसटू शकतं.

आणि त्याला एक विद्या आत्ताच शिकवा, ती म्हणजे उलटं उतरणं. घडी केलेली गादी जमिनीवर टाका, वीतभर उंचीची. तो कडेशी आला की त्याची कंबर धरून हळूच फिरवा, पोटावर निजवा, एक पाय धरून खाली जमिनीला टेकवा, मग दुसरा. तोंडाने एकच शब्द, रोज तोच: "पाय आधी." पहिल्या आठवड्यात तो वैतागेल, कारण पाठमोरं झालं की जिथे जायचंय ते दिसेनासं होतं. म्हणूनच हे मुलाला आपसुक सुचत नाही, शिकवावं लागतं. दिवसातून चार-पाच वेळा, खेळ म्हणून. मग पलंग, मग ओटी, तुमचा हात पाठीशी ठेवून. एखाद्या दिवशी तो सपाट जमिनीवरच, काही कारण नसताना, पाठमोरा होऊन पाय मागे टाकायला लागेल. हसू नका, तो गृहपाठ करतोय.

तुमच्या चेहऱ्याचाही उपयोग करा. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तोच काचेचा कडा साधारण फूटभर खोल ठेवला होता, म्हणजे मूल बुचकळ्यात पडेल इतपत. समोर आई हसरी असेल तेव्हा वर्षाच्या 19 मुलांपैकी 14 पलीकडे गेली; आईच्या चेहऱ्यावर भीती होती तेव्हा 17 पैकी एकही नाही. पण यात मेख अशी की मुलाने थांबून आईकडे बघितलं तरच चेहरा कामाला येतो, आणि तुमचा अजून थांबतच नाही. शिवाय ओटीवरून तो झेपावला तेव्हा समोर सगळे कौतुकाने हसत, "ये, ये" म्हणत उभे होते, हे तुमच्याच पत्रात आहे. बोलवायचं तर कडेच्या अलीकडे बसून बोलवा.

ह्या नव्या पायांना शहाणपण यायला काही महिने लागतील, आठवडे पुरायचे नाहीत. तोवर उंचीजवळ तो हाताच्या अंतरावर हवा. गणपतीला पुन्हा गावी जाल तेव्हा तो 17 महिन्यांचा असेल, बराच सराईत झालेला. तरीही ओटीच्या तोंडाशी आडवी फळी लावून घ्या. घर माणसांनी भरलेलं असतं, मोदकांची गडबड असते, आणि पंचवीस जणांतल्या प्रत्येकाला वाटतं की पोराकडे दुसऱ्या कुणाचं तरी लक्ष आहे. तेव्हा त्याला एका वेळी एकाच माणसाच्या हवाली करा, नाव घेऊन, तोंडाने बोलून: "बाबा, आता हा तुमच्याकडे." आणि बाबांनी "हो" म्हटल्याशिवाय तिथून हलू नका.